एक सर्व्हर, अनेक नावे : स्वयंचलित सबडोमेन व्यवस्थेची ऐतिहासिक वाटचाल

प्रस्तावना :
विकसनासाठी राखलेल्या सर्व्हरवर एक नवा फोल्डर तयार करताच त्याच नावाचे सबडोमेन आपोआप कार्यान्वित व्हावे, ही सोय आज नित्याची झाली आहे. मात्र ती केवळ संगणकाच्या वाढत्या वेगातून निर्माण झालेली नाही. नाव देण्याच्या अधिकाराचे विकेंद्रीकरण हा तिचा खरा पाया होय. प्रस्तुत लेखात या प्रक्रियेचा आढावा घेण्यात आला आहे.

नामप्रणालीचा उदय :
अर्पानेटच्या काळात सर्व संगणकांची नावे व त्यांचे अंकीय पत्ते एकाच फाईलमध्ये नोंदविले जात. अमेरिकेतील एसआरआय या संशोधन संस्थेत एलिझाबेथ फाइनलर यांच्या नेतृत्वाखालील केंद्र ती फाईल सांभाळीत असे. जाळ्याचा विस्तार होताच ही व्यवस्था अपुरी पडू लागली. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डोमेन नामप्रणाली मांडली. त्यामुळे प्रत्येक संस्थेला आपल्या नावाखालील उपनावे स्वतः ठरविता येऊ लागली. १९८७ च्या आरएफसी १०३४ या दस्तऐवजात तारकाचिन्हाच्या नोंदीचे विवेचन आढळते. स्वतंत्र नोंद नसलेली उपनावे या एका नोंदीने एकाच पत्त्याकडे वळविता येतात. तेथे तिचा उपयोग प्रामुख्याने ई-टपाल पुढे पाठविण्यासाठी सांगितला आहे. सबडोमेनसाठीचा वापर नंतर रूढ झाला.

'होस्ट' ओळीचे महत्त्व :
केवळ नाव पत्त्यापर्यंत पोहोचणे पुरेसे नव्हते. मे १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एचटीटीपी १.० च्या दस्तऐवजानुसार संकेतस्थळाचे नाव मागणीसोबत पाठविणे बंधनकारक नव्हते. परिणामी प्रत्येक संकेतस्थळासाठी सामान्यतः स्वतंत्र आयपी पत्ता लागे. आयपीच्या चौथ्या आवृत्तीत एकूण पत्ते सुमारे ४२९ कोटीच असल्याने ही पद्धत दीर्घकाळ परवडणारी नव्हती. जानेवारी १९९७ मधील एचटीटीपी १.१ ने 'होस्ट' ही ओळ अनिवार्य केली. ती नसल्यास सर्व्हरने ४०० क्रमांकाची त्रुटी कळवावी, असा दंडक घालण्यात आला.

या दोन्ही गोष्टींचा मेळ १९९९ मध्ये अपाची सर्व्हरच्या 'मॉड व्हीहोस्ट अलायस' या घटकाने घातला. आलेल्या नावावरून फोल्डर शोधण्याचा एकच नियम लिहिला की प्रत्येक संकेतस्थळासाठी स्वतंत्र नोंद करण्याची व सर्व्हर पुन्हा सुरू करण्याची गरज उरली नाही.

स्वातंत्र्य आणि संकेत :
जून १९९९ मध्ये आरएफसी २६०६ ने 'डॉट टेस्ट'सारखी नावे चाचणीसाठी राखून ठेवली. तरीही अनेक विकसकांनी आपल्या संगणकांपुरते 'डॉट डेव्ह' हे नाव वापरले. पुढे तेच नाव गूगलच्या ताब्यातील अधिकृत डोमेन झाले. डिसेंबर २०१७ मध्ये क्रोम ६३ ने त्यावर एचटीटीपीएस सक्तीचे केले आणि अनेकांच्या स्थानिक व्यवस्था एकाएकी बंद पडल्या.

निष्कर्ष :
स्वयंचलित सबडोमेन व्यवस्था ही नामकरणाच्या स्वातंत्र्याची फलश्रुती आहे. तथापि हे स्वातंत्र्य सामायिक संकेतांच्या मर्यादेतच सुरक्षित राहते, हेच या इतिहासातून स्पष्ट होते.