अग्निशामकांची तालीम : कांदिवलीच्या आगींवरून प्रशिक्षण केंद्राची आखणी

आगीची वर्दी मिळाल्यावर बंब किती मिनिटांत पोहोचला, याची चर्चा दुसऱ्या दिवशी हमखास होते. त्या बंबातून उतरलेल्या जवानाने तशी आग पूर्वी कधी पाहिली होती काय, हे मात्र कोणी सहसा विचारीत नाही. शाळेत शिकविलेली आग आणि प्रत्यक्षातील आग यांतील अंतर कमी करणे, हे अग्निशमन प्रशिक्षण केंद्राचे खरे काम होय. म्हणूनच अशा केंद्राची आखणी करताना ज्या वस्तीसाठी ते उभारायचे, त्या वस्तीतील आगींकडे प्रथम पाहावे लागते.

या दृष्टीने कांदिवलीइतके बोलके उदाहरण उपनगरांत क्वचितच सापडेल. ७ डिसेंबर २०१५ रोजी कांदिवली पूर्वेच्या दामूनगर झोपडपट्टीत आग लागली, गॅस सिलिंडरांचे स्फोट झाले आणि शेकडो कुटुंबे उघड्यावर आली. ६ नोव्हेंबर २०२१ रोजी, ऐन भाऊबीजेच्या रात्री, पश्चिमेकडील हंसा हेरिटेज या इमारतीच्या चौदाव्या मजल्यावरील सदनिका पेटली व दोन महिलांचा मृत्यू झाला. २३ ऑक्टोबर २०२३ रोजी महावीरनगरमधील पवनधाम वीणा संतूर या इमारतीत आग पहिल्या मजल्यावर होती. धूर मात्र वर चढला आणि तेथेही दोघांचे प्राण गेले. एकाच उपनगरातील या तीन घटना आहेत, पण त्यांना तोंड देण्याची कौशल्ये तीन निराळी आहेत.

महाराष्ट्रात या शिक्षणाची परंपरा जुनी आहे. राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय १९५६ साली उत्तर प्रदेशातील रामपूर येथे सुरू झाले व पुढच्याच वर्षी नागपूरला आले. सांताक्रूझच्या विद्यानगरी परिसरात राज्याची महाराष्ट्र अग्निशमन अकादमी आहे, तर मुंबई अग्निशमन दलाचे प्रशिक्षण केंद्र वडाळ्यात आहे. नव्या केंद्राचा विचार या संस्थांना पूरक असाच करावा लागेल. दूरच्या संस्थेत एकदा घेतलेले प्रशिक्षण आणि आपल्या केंद्राजवळ वारंवार करता येणारा सराव या दोन वेगळ्या गरजा आहेत.

पहिला प्रश्न जागेचा. प्रशिक्षणाच्या मैदानावर बंब, जंबो टँकर आणि उंच शिडीची वाहने वळली पाहिजेत, म्हणजे पक्की, वजन पेलणारी जमीन हवी. धूर शेजारच्या वस्तीत जाऊ नये म्हणून वाऱ्याची दिशा पाहावी लागते. मुंबईत समुद्राकडून येणारा वारा बराच काळ पश्चिमेचा असतो. त्यामुळे पूर्वेला घरे असलेला भूखंड वापरायचा, तर लाकडे पेटविण्याचा विचार जवळजवळ सोडूनच द्यावा लागतो. एका नळीतून मिनिटाला साधारण ४०० ते ५०० लिटर पाणी जाते. वीस मिनिटांच्या सरावात एकच नळी आठ ते दहा हजार लिटर पाणी ओतते. पाणीटंचाईच्या शहरात हे पाणी गटारात सोडणे परवडणारे नाही. उताराची फरशी, गाळ बसण्याची टाकी आणि तेच पाणी पुन्हा उपसणारा पंप, ही व्यवस्था मूळ आराखड्यातच हवी. नंतर ती बसविताना मैदान उकरावे लागते.

कवायतीचा मनोरा हा अशा केंद्राचा सर्वांत ठळक भाग. शिडीचा सराव, दोराने उतरणे, जखमीला खाली आणणे हे सारे त्यावर होते. उपनगरासाठी त्यात आणखी काही हवे : खऱ्या इमारतीसारखा अरुंद जिना, मजल्यामजल्यावर झडपा असलेली रायझरची उभी नळवाहिनी, बंद पडलेली लिफ्ट, मीटर खोली आणि आश्रयासाठी राखलेली मोकळी जागा. पाणी दर दहा मीटर उंचीला सुमारे एक बार दाब गमावते. चौदाव्या मजल्यापर्यंत चारांहून अधिक बार केवळ उंचीतच खर्ची पडतात आणि नळीतील घर्षण वेगळे. पंप चालविणाऱ्याला हा हिशेब फळ्यावर पाठ करून येत नाही. खाली दाब वाढवावा आणि वर नळी धरणाऱ्याला तो जाणवावा, तेव्हा तो अंगात मुरतो.

सर्वाधिक वेळ व पैसा जेथे द्यावा असे मला वाटते, ते म्हणजे धुराचे दालन. बाहेरून ते एखाद्या गोदामासारखे साधे दिसते. आत सरकत्या भिंती असतात, त्यामुळे मार्ग दरवेळी बदलता येतो. निरुपद्रवी कृत्रिम धूर सोडला की हात समोर धरला तरी दिसत नाही. नियंत्रण कक्षातून उष्णता टिपणारे कॅमेरे प्रत्येक प्रशिक्षणार्थीवर लक्ष ठेवतात, आणि कोणी घाबरलाच तर दिवे लागून दारे उघडतात व पंखे काही क्षणांत धूर ओढून घेतात. पाठीवर श्वसनयंत्र असते. त्याचा प्रचलित सिलिंडर ६.८ लिटरचा, ३०० बार दाबाचा. म्हणजे सुमारे दोन हजार लिटर हवा. मिनिटाला ४० लिटर धरले तर कागदावर ती पन्नास मिनिटे पुरते. दहा ते पंधरा किलोचे ओझे घेऊन जिने चढणारा, भेदरलेला नवशिक्या तीच हवा निम्म्या वेळात संपवू शकतो. शिवाय दाब पन्नास-पंचावन्न बारवर येताच शिटी वाजू लागते आणि तोवर परतीची वाट धरलेली असावी लागते. आपली हवा किती वेळ टिकते, हे प्रत्येकाने स्वतःच्या श्वासावरून शिकायचे असते. वीणा संतूरसारख्या घटनेत जिन्यातला धूर हाच मुख्य शत्रू असतो.

प्रत्यक्ष ज्वाळांचा सराव हा भाग अधिक जोखमीचा. अमेरिकेत कोलोरॅडो राज्यातील बोल्डर येथे १९८२ साली अशाच सरावात दोन अग्निशामक दगावले. त्यानंतर तेथील राष्ट्रीय अग्निसंरक्षण संघटनेने १९८६ मध्ये प्रत्यक्ष आगीच्या प्रशिक्षणासाठी '१४०३' क्रमांकाचे मानक आणले. पडीक घर पेटवून शिकविण्याच्या पद्धतीला त्यामुळे शिस्त आली. आता त्यासाठी खास खोल्या बांधतात. साधे काँक्रीट वारंवार तापले की त्याचे पोपडे उडतात, म्हणून आतून उष्णतारोधक अस्तर लावतात आणि भिंतीत व छताशी तापमापक बसवितात. गॅसवर चालणाऱ्या खोलीत प्रशिक्षकाच्या हातातील बटण सुटताच ज्वाळा विझते. मात्र हा गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळतीचे संवेदक व हवा खेचणारी जाळी जमिनीलगतच हवी. गॅसची आग फार आज्ञाधारक असते, हा तिचा दोषही आहे. धुराचा रंग पाहून पुढे काय होणार, हे ओळखण्याचे शिक्षण तिच्यातून मिळत नाही. त्यासाठी लाकूड वापरणाऱ्या पोलादी कंटेनरची जोड लागते, आणि ती वस्तीपासून दूरच शक्य आहे.

दामूनगरचा धडा गिरविण्यासाठी मोठ्या इमारतीची गरज नाही. पत्र्याच्या भिंती, तीन-चार फुटांची बोळ, बंब न पोहोचेल इतक्या अंतरावर उभा केलेला पंप आणि गळती दाखविणारा नकली सिलिंडर एवढे पुरते. पाण्याच्या पडद्याआडून पुढे सरकत झडप बंद करणे आणि तापलेल्या सिलिंडरला दुरून गार ठेवणे, ही दोन कामे तेथे शंभरदा करता येतात. शेजारीच काँक्रीटच्या तुटक्या लाद्यांचा ढिगारा रचावा. २ जुलै २०१९ रोजी मालाडच्या पिंपरीपाड्यात जलाशयाची भिंत कोसळली, ते ठिकाण कांदिवलीला लागूनच आहे. पोयसर नदीच्या पुराचे भान ठेवून पाण्यातील बचावासाठी खोल टाकीही हवी.

इमारत केव्हा साथ सोडेल हे ओळखणे मात्र यांपैकी कोणत्याही दालनात पुरते शिकविता येत नाही. ९ मे २०१५ रोजी काळबादेवीच्या गोकुळ निवासाला लागलेल्या आगीत इमारत कोसळली आणि मुंबई अग्निशमन दलाने प्रमुख अधिकारी सुनील नेसरीकर, उपप्रमुख सुधीर अमीन, संजय राणे व महेंद्र देसाई हे चार अधिकारी गमावले. त्याआधी इतका मोठा घाव १४ एप्रिल १९४४ च्या गोदीतील स्फोटाचा. त्यात ६६ जवान गेले आणि त्यांच्या स्मरणार्थ अग्निशमन सप्ताह पाळला जातो. अशा घटनांची छायाचित्रे, नकाशे व मिनिटामिनिटाची नोंद घेऊन चर्चा करण्यासाठी एक साधी वर्गखोली लागते. आराखड्यात तिलाच शेवटचे स्थान मिळते.

उद्घाटनानंतरचा खर्च निविदेत ठळकपणे दिसत नाही. हवा भरणारा कॉम्प्रेसर व त्याच्या हवेची शुद्धता तपासणी, मुखवट्यांची धुलाई, सिलिंडरांची मुदतीनुसार दाबचाचणी, दालनातील कॅमेरे, गॅस, अस्तराची डागडुजी आणि पूर्णवेळ प्रशिक्षक, या सर्वांची तरतूद दरवर्षी करावी लागते. कॉम्प्रेसर महिनाभर बंद राहिला तर धुराचे दालनही महिनाभर बंद राहते. सेवेतील जवानाला उजळणीसाठी पाठवायचे, तर त्याच्या पाळीला बदली माणूस द्यावा लागतो. केंद्र बांधण्यापूर्वी वर्षभराचे वेळापत्रक तयार करून, कोणत्या पाळीतून किती जण येऊ शकतील हे लिहून काढले, तर दालनाचा आकार आणि श्वसनयंत्रांची संख्या त्यावरूनच ठरविता येते.