फोटोशॉपला ग्राफिक्स कार्ड दिसत नाहीये? आधी हे तपासा

मोबाईलवर एडिटिंग शिकलात, मग खास ग्राफिक्स कार्डवाला लॅपटॉप घेतलात, आणि फोटोशॉपमध्ये 'यूज ग्राफिक्स प्रोसेसर' हा पर्याय करडा! क्लिकच होत नाही. रोटेट व्ह्यू, ऑइल पेंटही बंद. लगेच 'कार्ड गेलं' असं समजू नका. माझ्या एका मित्राला दुकानदाराने नवीन कार्ड घ्यायला सांगितलं होतं. दोष निघाला जुन्या ड्रायव्हरचा.

फोटोशॉप सुरू होताना कार्डाची छोटीशी चाचणी घेतं. त्यात कार्ड नापास झालं, की फोटोशॉप ते वापरतच नाही. म्हणून गाडी नेमकी कुठे अडलीय ते क्रमाने बघूया.

१. विंडोजला कार्ड दिसतंय का?
स्टार्ट बटणावर राईट क्लिक करून डिव्हाइस मॅनेजर उघडा आणि 'डिस्प्ले अडॅप्टर्स' बघा. कार्डाच्या नावाऐवजी 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर' दिसलं, तर ड्रायव्हर नीट बसलेला नाही.

२. ड्रायव्हर नव्याने टाका
एनव्हिडिया, एएमडी किंवा इंटेल, ज्यांचं कार्ड त्यांच्याच साईटवरून घ्या. एनव्हिडियाच्या इन्स्टॉलरमध्ये 'कस्टम' निवडून 'क्लीन इन्स्टॉलेशन'वर टिक करा. नंतर लॅपटॉप रीस्टार्ट करा.

३. फोटोशॉपला योग्य कार्ड द्या
बऱ्याच लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स चिप असतात आणि बॅटरी वाचवायला विंडोज साधी चिप वापरतं. सेटिंग्ज > सिस्टम > डिस्प्ले > ग्राफिक्स इथे फोटोशॉप निवडा (यादीत नसेल तर जोडा) आणि ऑप्शन्समध्ये 'हाय परफॉर्मन्स' ठेवा.

४. फोटोशॉपलाच विचारा
हेल्प > जीपीयू कम्पॅटिबिलिटी उघडा. कुठली अट पूर्ण होत नाही ते तिथे कळतं. फोटोशॉप २०२४ ला डायरेक्टएक्स १२ चालणारं कार्ड आणि किमान १.५ जीबी ग्राफिक्स मेमरी लागते. ४के स्क्रीनसाठी ४ जीबी असलेली बरी.

५. टिक करून पुन्हा उघडा
एडिट > प्रेफरन्सेस > परफॉर्मन्समध्ये टिक करा, फोटोशॉप बंद करून परत सुरू करा. तरीही अडलं, तर फोटोशॉप उघडताना कंट्रोल+ऑल्ट+शिफ्ट दाबून ठेवा आणि सेटिंग्ज रीसेट करा. त्याआधी तुमच्या ॲक्शन्स सेव्ह करून ठेवा, नाहीतर जातील.

चौथ्या पायरीत कार्डच अटीत बसत नसेल, तरच नव्याचा विचार करा. दुकानात जायची वेळ आलीच, तर पायरी १ आणि ४ चे स्क्रीनशॉट सोबत न्या. मग कोणी उगाच नवीन कार्ड गळ्यात मारू शकणार नाही.