तारुण्याचें दर्शन

१९६० च्या निवडणुकीनें अमेरिकेची सत्ता नव्या पिढीच्या हातीं गेली, असें म्हणतात. ७० वर्षांच्या आयसेनहॉवरांच्या जागीं ४३ वर्षांचे केनेडी निवडून आले, हें खरें. परंतु पराभूत निक्सन केनेडींहून अवघ्या ४ वर्षांनीं वडील. दोघेही १९४७ सालीं एकदमच प्रतिनिधिगृहांत आलेले. मग तारुण्याचा मान एकाच्याच वाट्यास कां आला? २६ सप्टेंबर १९६० रोजीं शिकागो येथें झालेला उभयतांचा वाद कोट्यवधि लोकांनीं दूरचित्रवाणीवर पाहिला. दुखण्यांतून नुकतेच उठलेले निक्सन म्लान दिसले, केनेडी टवटवीत. मतांचें अंतर सव्वा लाखाहूनही कमी. तेव्हां त्या एका रात्रीनेंच निकाल लावला, असें म्हणणें साहसाचें होईल. परंतु पिढी जन्मसालाइतकीच दर्शनानेंही ठरते, हें त्या रात्रीं उघड झालें. आणि चेहरा बाजूस ठेवून म्हणणें तोलण्याचें काम मतदारावर अधिकच येऊन पडलें.