एका टिंबाचा इतिहास

टर्मिनलमध्ये एकट्या टिंबाचा अर्थ ‘इथे’. तुम्ही आत्ता ज्या फोल्डरमध्ये उभे आहात, ते. १९९४ मध्ये पर्ल ५ आली आणि मॉड्यूलचं युग सुरू झालं. मॉड्यूल मागितलं की पर्ल फोल्डरांची एक यादी वरून खाली धुंडाळायची. यादीत शेवटी हे टिंब असायचं. कुठेच नाही सापडलं, तर ‘इथे’ बघ.

पण स्क्रिप्टचं घर एकीकडे आणि ती चालवणारा उभा दुसरीकडे, असं नेहमीच होतं. माझ्या एका जुन्या नोकरीत रात्रीचा हिशेब करणारी स्क्रिप्ट होती. हाताने चालवली की गुणी बाळ; क्रॉनवर लावली की ‘मॉड्यूल सापडत नाही’ म्हणून मरायची. क्रॉन ती होम फोल्डरमधून चालवायचा आणि मॉड्यूल होतं स्क्रिप्टच्या शेजारी. उपाय पर्लसोबतच येतो: फाइंडबिन. ते चालू स्क्रिप्टचा पत्ता शोधून देतं, त्याला ‘लिब’ जोडायचं.

ही झाली गैरसोय. धोका वेगळाच होता. पुष्कळ प्रोग्राम ‘असलं तर घेऊ, नसलं तर राहू दे’ अशा थाटात ऐच्छिक मॉड्यूल मागतात. समजा, ॲडमिन टेम्प फोल्डरमध्ये उभा राहून रूटच्या अधिकारात असा प्रोग्राम चालवतोय. तिथे कुणीही फाइल ठेवू शकतं. एखाद्याने नेमक्या त्या नावाची फाइल आधीच ठेवली असेल, तर पर्ल यादीच्या शेवटी टिंबापाशी पोचते आणि ती फाइल रूट म्हणून चालवते. पासवर्ड फोडायची गरजच नाही!

कमांड शोधायच्या यादीत टिंब नको, हे युनिक्सवाले कधीपासून सांगत होते. आपण आजही ‘टिंब-स्लॅश’ लावून स्क्रिप्ट चालवतो ते त्यामुळेच. रूबीने २०१० मध्ये, १.९.२ आवृत्तीत, टिंब काढलं; त्याऐवजी ‘रिक्वायर रिलेटिव्ह’ वापरायचं, म्हणजे ‘या फाइलपासून मोज’. पर्लमधल्या दोषाला २०१६ मध्ये सीव्हीई क्रमांक मिळाला आणि मे २०१७ च्या ५.२६ मध्ये टिंब गेलं. इतका उशीर का? सीपॅनवरच्या कितीतरी मॉड्यूलांच्या चाचण्या त्याच टिंबावर टेकलेल्या होत्या. ज्यांना ते परत हवं त्यांच्यासाठी एक एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल ठेवलं, आणि त्याच्या नावातच ‘अनसेफ’ घातलं. हा खवचटपणा मला फार आवडतो.

पायथन अजूनही स्क्रिप्टचं फोल्डर यादीत सगळ्यात वर ठेवते. म्हणून तर शेजारी ‘रँडम’ नावाची फाइल पडली असली की खरं रँडम मॉड्यूल झाकलं जातं. ही सवय बंद करायचं बटण, डॅश आणि कॅपिटल पी, आलं २०२२ मध्ये, ३.११ सोबत. ते आपण स्वतः दाबावं लागतं.