‘कारण’ नावाचा रकाना

गांजाला कायद्याने मोकळीक द्यावी की नाही, हा वाद आपल्याकडे अलीकडचा आणि पाश्चात्त्यांकडून आलेला समजला जातो. प्रत्यक्षात हिंदुस्थानातील गांजावरून तो ब्रिटिश पार्लमेंटात १८९३ सालीच उभा राहिला होता. २ मार्च १८९३ रोजी दारूबंदी चळवळीतले खासदार विल्यम स्प्रॉस्टन केन यांनी बंगालमधील गांजाची लागवड, व्यापार आणि त्याचे सामाजिक व नैतिक परिणाम यांच्या चौकशीची मागणी केली. अफूविरोधी चळवळ तेव्हा ऐन भरात होती. गांजामुळे हिंदुस्थानातील वेड्यांची इस्पितळे भरून गेली आहेत, असा समज विलायतेत पसरलेला होता.

भारत सरकारने जुलै १८९३ मध्ये सात जणांचा आयोग नेमला. डब्ल्यू. मॅकवर्थ यंग त्याचे अध्यक्ष होते आणि सदस्यांत तिघे हिंदी होते. चौकशी केवळ बंगालपुरती न ठेवता साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानात करायचे ठरले. एकाच झाडाची तीन रूपे आयोगासमोर होती. भांग म्हणजे पाने, गांजा म्हणजे मादी झाडाचे राळयुक्त फुलोरे आणि चरस म्हणजे निव्वळ राळ. चरस यारकंदहून लेहमार्गे पंजाबात येई. गांजा बंगालात नौगावच्या परिसरात, मध्य प्रांतात खांडव्याकडे, तर मुंबई इलाख्यात अहमदनगर आणि सातारा जिल्ह्यांत पिके. म्हणजे विलायतेतला हा प्रश्न मराठी शेतकऱ्याच्या बांधापर्यंत पोचलेला होता.

आयोगाने ११९३ साक्षी नोंदवल्या. त्यांत अधिकारी होते, डॉक्टर होते, लागवड करणारे होते, विक्रेतेही होते. मात्र आयोगाचे सर्वांत मोलाचे काम झाले ते वेड्यांच्या इस्पितळांच्या दप्तरात. ‘गांजामुळे वेड’ या समजाचा सारा आधार तिथल्या आकड्यांवर होता. आयोगाने १८९२ साली गांजाच्या नावावर नोंदलेली २२२ प्रकरणे एकेक करून तपासली. रुग्णाला इस्पितळात आणताना सोबत एक कागद येई आणि त्यात वेडाचे ‘कारण’ लिहिण्यासाठी रकाना असे. तो बहुधा पोलीस किंवा मॅजिस्ट्रेटच्या कचेरीत भरला जाई. रुग्ण बेवारशी असला, त्याचा पूर्वेतिहास ठाऊक नसला, तरी रकाना रिकामा ठेवून चालत नसे. मग माणूस कधी चिलीम ओढत होता एवढे कळले तरी पुरे होई. हेच शब्द पुढे इस्पितळाच्या नोंदवहीत उतरत, तिथून वार्षिक अहवालात जात आणि शास्त्रीय पुरावा म्हणून पार्लमेंटात पोचत.

छाननीअंती त्या वर्षीच्या एकूण १३४४ भरती रुग्णांपैकी जेमतेम ९८ जणांच्या बाबतीत, म्हणजे सुमारे ७.३ टक्के प्रकरणांत, गांजा हे कारण मानण्यास जागा उरली. धोका शून्य आहे, असे आयोगाने म्हटले नाही. अतिसेवन घातक आहे, मनाने दुबळ्या माणसाला ते वेडाकडे नेऊ शकते, हे त्याने मान्य केले. पण बेताच्या सेवनाने बहुतेकांचे नुकसान होत नाही आणि सरसकट बंदी घातली तर लोक दारू किंवा धोतऱ्याकडे वळतील, असे त्याचे मत पडले. कर, परवाने आणि लागवडीवर नियंत्रण हा मार्ग त्याने सुचवला.

या निष्कर्षाकडे भाबडेपणाने पाहू नये. अबकारी उत्पन्न सरकारलाच मिळत होते आणि बंदी नको हा कौल तिजोरीच्या सोयीचा होता. लाला निहालचंद आणि राजा शशिशेखरेश्वर राय या दोन हिंदी सदस्यांनी आपली भिन्नमतपत्रे अहवालाला जोडली, हेही विसरता येत नाही. तरीही तपासाची पद्धत निष्कर्षापेक्षा मोठी ठरली. आकडा स्वीकारण्याआधी तो कोणी, कुठे बसून लिहिला, हे तिने विचारले.

पुढच्या शतकात हा प्रश्न मागे पडला. १९२५ च्या जिनिव्हा परिषदेत इजिप्तच्या आग्रहाने गांजा आंतरराष्ट्रीय नियंत्रणाखाली आला. १९६१ च्या करारात फुलोरे निषिद्ध ठरले, पण फुलोऱ्यांवाचूनची पाने वगळली गेली. वैद्यकीय कारणाखेरीजचा वापर थांबवण्यासाठी २५ वर्षांची मुदत मिळाली. भारताने १९८५ साली अमली पदार्थविरोधी कायदा केला. विधेयक २३ ऑगस्टला लोकसभेत आले आणि १६ सप्टेंबरला त्यावर राष्ट्रपतींची मोहोर उमटली. ज्या विषयाला वसाहतीच्या सरकारने वर्षभर चौकशी आणि सात खंड दिले, त्याला स्वतंत्र देशाने महिनाही दिला नाही. गांजा आणि चरस गुन्ह्याच्या कक्षेत गेले आणि भांग राज्यांच्या अबकारी खात्याकडे राहिली. म्हणूनच वाराणसी किंवा जैसलमेरमध्ये परवान्याच्या दुकानात भांग मिळते आणि त्याच झाडाचा फुलोरा खिशात सापडला तर तुरुंग दिसतो. पान आणि फूल यांमधली ही रेघ वैद्यकाने आखलेली नाही. ती करारातल्या शब्दांनी आखली आणि तिचा भार मुख्यतः चिलीम ओढणाऱ्या गरिबावर पडला.

डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने गांजाला सर्वांत कडक यादीतून २७ विरुद्ध २५ मतांनी वगळले. भारताचे मत वगळण्याच्या बाजूने होते, देशातला कायदा मात्र तसाच राहिला. आजचे वैद्यकशास्त्र कोवळ्या वयातले नियमित, तीव्र सेवन आणि मनोविकार यांचा संबंध गंभीरपणे घेते. त्यामुळे १८९४ चा अहवाल दाखवून आज मोकळीक मागणे जितके चूक, तितकेच १९८५ ची घाई शेवटचा शब्द मानणेही चूक. बंदीवाले व्यसनाचे आकडे देतात, मोकळीकवाले महसुलाचे. दोघांच्याही आकड्यांमागे कोणीतरी भरलेला एक रकाना असतो. तो उघडून पाहायला नवा आयोग नेमण्याची मागणी मात्र दोन्ही बाजूंकडून क्वचितच ऐकू येते.