सर्पगंधा ते अश्वगंधा

हल्ली मंचर, नारायणगाव, जुन्नर, कुठल्याही मेडिकलमध्ये जा. "शांत झोप", "ताणमुक्ती" लिहिलेल्या डब्यांची एक वेगळी फळीच लागलेली असते. मी मराठी माध्यमातून बी.ए. झालेली मास्तरीण, विज्ञानातलं मला कितीसं कळणार? पण इतिहास शिकवला आहे, त्यामुळे त्या डब्या पाहिल्या की मला सर्पगंधा आठवते.

हे एक लहानसं झुडूप, आपल्या सह्याद्रीतही होतं. बिहारकडे त्याच्या मुळीला 'पागल की दवा' म्हणत. १९३१ साली कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी लिहिलं, की ही मुळी वेडावर आणि रक्तदाबावर चालते. जगानं फारसं मनावर घेतलं नाही. मग मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ती रक्तदाबाच्या ५० रुग्णांना दिली, मोजमाप ठेवलं आणि १९४९ साली 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये निबंध छापला. तेव्हा कुठे जग जागं झालं. (झोपेच्या मुळीनं जागं केलं, ही गंमतच!) १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीनं मुळीतून रेसर्पिन वेगळं काढलं, १९५४ मध्ये न्यूयॉर्कच्या नेथन क्लाइन यांनी ते मनोरुग्णांना देऊन पाहिलं. १९५७ च्या लास्कर पुरस्काराच्या मानकऱ्यांत वकील आणि क्लाइन दोघंही होते.

मला मात्र जास्त भावते ती १९५५ ची लंडनची चाचणी. डेव्हिस आणि शेफर्ड या डॉक्टरांनी चिंता-उदासीच्या काही रुग्णांना रेसर्पिन दिलं आणि काहींना तशीच पोकळ गोळी. कुणाला काय मिळणार ते जणू चिठ्ठ्या टाकून ठरवलेलं. खरी गोळी घेणाऱ्यांना जास्त बरं वाटलं. आणि त्याच सुमारास उलट बातम्याही येत होत्या, की रक्तदाबासाठी हेच औषध घेणारी काही माणसं खोल उदासीत जाताहेत! तो दोष कितपत खरा, यावर अजून वाद आहे. पुढे नवी औषधं आली आणि रेसर्पिन मागं पडलं.

आता अश्वगंधा. २०१९ साली नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील विद्यापीठातल्या डॉक्टरांनी निद्रानाशाच्या ६० रुग्णांवर १० आठवडे चाचणी केली. ४० जणांना अर्क, २० जणांना पोकळ गोळी. अर्कवाल्यांना झोप लवकर लागली. चांगलंच आहे की! पण ६० माणसं म्हणजे आमच्या शाळेचा एक वर्ग. आणि १० आठवड्यांवरून वर्षानुवर्षं घेणाऱ्याचं काय होईल ते कसं समजावं? काहींच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत, थायरॉईडवरही परिणाम होऊ शकतो. डेन्मार्कनं तर २०२३ मध्ये तिच्यावर बंदीच घातली. (मला ते जरा टोकाचं वाटतं.)

हे सगळं लिहिण्याचं कारण आमची घोडेगावची अक्का. थायरॉईडची गोळी चालू, रक्तदाबाची चालू आणि वर नातवानं आणलेली अश्वगंधा. डॉक्टरांना सांगितलंस का म्हटलं, तर म्हणते, "अगं, झाडपाला तो, त्यात सांगायचं काय?" आमच्या आहुपे-भीमाशंकरच्या पट्ट्यात घराघरांपुढे बाळहिरडा वाळत पडलेला असतो, त्यामुळे झाडपाल्याला कोण भिणार? पण बिब्बाही झाडाचाच ना अक्का, आणि तो उतला की काय होतं ते तूच आम्हाला लहानपणी दाखवलंस. शेवटी डबी घेऊन डॉक्टरांकडे जायला कबूल झाली आहे.

मेलाटोनिनचं राहिलंच. १९ चाचण्या, १६८३ माणसं एकत्र धरून २०१३ साली हिशेब मांडला गेला. पोकळ गोळीपेक्षा झोप लवकर लागते, नाही असं नाही. सरासरी ७ मिनिटं! अमेरिकेतल्या आमच्या भाचेसुनेला हे कळवलं, तर तिचं उत्तर आलं, "मावशी, बाळ लहान आहे, मला ती ७ मिनिटंही हवीत."