दूरअंदेशी : नळदुर्गचे धरण आणि आपला उद्या

काही वर्षांपूर्वी शाळेची सहल घेऊन नळदुर्गला गेलो होतो. पावसाळा सरत आला होता आणि बोरी नदीला भरपूर पाणी होते. किल्ल्यातील धरणावरून नर आणि मादी हे दोन्ही धबधबे कोसळत होते. धरणाच्या पोटातील पाणीमहालात मुले उभी राहिली. समोरून पाणी खाली पडत होते आणि आत उभा राहणारा मात्र कोरडा. तेव्हा आठवीतील एका मुलीने विचारले, "सर, इनकू कैसा मालूम हुआ, पानी कित्ता आएंगा?"

मी तिला सांगितले, "बेटा, त्यांनाही ते माहीत नव्हते. म्हणून तर त्यांनी जादा पाण्याला वाट ठेवली."

हे उत्तर मी सहज दिले होते. पुढे त्यावर विचार करू लागलो तेव्हा वाटले की, उर्दूत आपण ज्याला दूरअंदेशी म्हणतो तिचा अर्थ यातच आहे. दूरअंदेशी म्हणजे भविष्य सांगणे नव्हे. उद्या काय काय घडू शकते याचा आजच विचार करणे आणि प्रत्येक शक्यतेसाठी काही ना काही वाट ठेवणे, ही दूरअंदेशी. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, 1613 साली हे धरण बांधले गेले. पाणी अडवायचे होते तसेच पुराचा जोरही सांभाळायचा होता. दोन्ही गोष्टींचा विचार झाला म्हणून चारशे वर्षांनंतरही ते उभे आहे. पाणी मुळीच सोडायचे नाही असा हट्ट कारागिरांनी धरला असता, तर पहिल्या मोठ्या पुरातच भिंत गेली असती.

आपल्या जिल्ह्याच्या इतिहासात असा हट्टही झालेला आहे. तो आठवताना त्रास होतो, पण आठवला पाहिजे.

1947 साली देश स्वतंत्र झाला तेव्हा हैदराबाद संस्थानापुढे अनेक वाटा होत्या. 29 नोव्हेंबर 1947 रोजी भारत सरकारशी एका वर्षाचा 'जैसे थे' करार झाला. विचार करायला, बोलणी करायला एक वर्ष मिळाले होते. पण त्या वेळी मुस्लिम समाजाचे राजकारण ज्यांच्या हाती गेले होते, त्यांना एकच उद्या दिसत होता : आझाद हैदराबाद. रझाकारांचा नेता कासिम रझवी हा लातूरला वकिली करणारा. लातूर तेव्हा आपल्याच उस्मानाबाद जिल्ह्यात होते. संस्थानात बहुसंख्य प्रजा हिंदू आहे, चारही बाजूंनी भारत आहे, हे शाळकरी मुलालाही नकाशावर दिसावे. परंतु आवेशापुढे नकाशा कोण पाहतो? रझाकारांच्या जुलमाने गावोगावची माणसे होरपळली आणि पिढ्यान्पिढ्यांच्या शेजारात द्वेष शिरला.

पुढचे पाहणारे कोणी नव्हतेच असे नाही. हैदराबादेत 'इमरोज' या उर्दू दैनिकाचे तरुण संपादक शोएबुल्ला खान होते. संस्थानाने भारतात सामील व्हावे, यातच सर्वांचे हित आहे, असे ते उघडपणे लिहीत. ऑगस्ट 1948 मध्ये त्यांचा खून झाला. जो पुढचा धोका सांगत होता त्याचाच आवाज बंद केला गेला. त्यानंतर महिनाही झाला नाही तोच, 13 सप्टेंबरला पोलीस कारवाई सुरू झाली आणि 17 सप्टेंबरला निजामाने शरणागती जाहीर केली.

त्यानंतर जे घडले ते आपल्या घराघरांतील वडीलधाऱ्यांनी हळू आवाजात सांगितलेले आहे. भारत सरकारने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने संस्थानात किमान 27 ते 40 हजार माणसे मारली गेली असा अंदाज दिला. सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबादचे नाव आहे. हा अहवाल अनेक दशके लोकांसमोर आला नाही. त्यातच हेही नोंदलेले आहे की, अनेक ठिकाणी हिंदू शेजाऱ्यांनी जिवावर उदार होऊन मुसलमानांना वाचवले. झालेल्या हत्यांना कोणतेही समर्थन नाही. पण आपल्या बाजूचा प्रश्न आपणच विचारायला हवा. रझवी 1957 साली तुरुंगातून सुटला आणि पाकिस्तानात निघून गेला. इथली विधवा, इथला विणकर, इथला अनाथ मुलगा मात्र इथेच राहिला. नेत्याच्या हट्टाची किंमत रयतेने मोजली.

भाषेचेही तसेच झाले. 1918 साली उस्मानिया विद्यापीठ सुरू झाले. उच्च शिक्षण उर्दूतून देण्यासाठी अनुवादाचे स्वतंत्र खाते उभारले गेले आणि शास्त्रांची पुस्तके उर्दूत आली. ते मोठेच काम होते. पण राज्यकारभाराची भाषा कायम उर्दूच राहणार, हे सर्वांनी गृहीत धरले. 1948 नंतर चित्र बदलले. 1956 मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि 1960 मध्ये महाराष्ट्र झाला. कचेरीचा कागद मराठीत आला आणि शिकलेला मुसलमान एका दिवसात अडाणी ठरला. उर्दूचा दोष नव्हता. उर्दूबरोबर मराठीची वाट ठेवली नाही, हा दोष होता. मी स्वतः उर्दू माध्यमाचा शिक्षक आहे, म्हणून हे जबाबदारीने लिहितो.

पुढचा विचार न करण्याचा रोग एकट्या मुस्लिम समाजाचा नाही. 1992 साली किल्लारी परिसरात भूकंपाचे धक्के बसत होते. तरीही दगडमातीच्या जाड भिंती आणि डोक्यावर मातीचे जड माळवद, अशा घरांत लोक झोपत राहिले. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसे त्याच भिंतींखाली गेली. सास्तूरसारखी गावे नव्याने वसवावी लागली. ढिगाऱ्याने जात विचारली नाही आणि धर्मही विचारला नाही.

आज जिल्ह्याचे नाव बदलले आहे. 2023 मध्ये उस्मानाबादचे धाराशिव झाले. नावावरून झालेल्या वादात आपली बरीच शक्ती खर्च झाली. पण 2018 मध्ये केंद्र सरकारने देशातील मागासलेल्या जिल्ह्यांची विकासासाठी निवड केली तेव्हा त्यात आपला जिल्हा होता, याची चर्चा आपल्या मोहल्ल्यात किती झाली?

हजरत युसूफ (अलै.) यांचा किस्सा आपण मुलांना सांगतो. सुकाळाच्या सात वर्षांत त्यांनी दुष्काळाच्या सात वर्षांचे धान्य साठवले. दुष्काळी मुलखात राहणाऱ्या आपल्याला याहून मोठा धडा कोणता? प्रत्येक मोहल्ल्याने वर्षातून एकदा बसून तीन प्रश्न विचारावेत. दहा वर्षांनी आपल्या मुली कोणत्या वर्गापर्यंत शिकतील? आपले पाणी कुठून येईल? शेजाऱ्याशी आपले बोलणे कोणत्या भाषेत होईल? आणि या बैठकीत न पटणारे बोलणाऱ्याला आधी बोलू द्यावे. शोएबुल्ला खान यांची याहून चांगली आठवण दुसरी नाही.

त्या मुलीने परत येताना बसमध्ये आणखी एक प्रश्न विचारला होता. "सर, दसवी के बाद मैं कहाँ पढूँगी?" नळदुर्गच्या कारागिरांनी पाण्याला वाट ठेवली होती. आपण तिला कोणती वाट ठेवली आहे?